दाजींची गाडी आधी

दाजी, तुम्ही पळालात. मला दुसरा शब्द सापडत नाही. लोक म्हणतात गेले, देवाज्ञा झाली, सुटले. मी म्हणतो पळालात. खंडेनवमी तोंडावर आली होती, माझ्या गाडीची चाकं घासून लख्ख झाली होती, देवासला यायच्या बसची वेळ मी विचारून ठेवली होती, आणि तुम्ही सकाळच्या शिफ्टला निघताना सायकलच्या दांडीवर हात ठेवून अंगणात खाली बसलात ते उठलाच नाहीत. ताई म्हणते, त्यांना काही त्रास झाला नाही. तुम्हाला नसेल झाला. मला झाला.

तेराव्याला तुमच्या कारखान्यातली माणसं एकामागून एक येऊन तुमच्याबद्दल चांगलं बोलत होती. कुणाचा पंप तुम्ही सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करून दिला होता, कुणाच्या मुलीच्या लग्नात मांडव उभा केला होता. मी कोपऱ्यात बसून मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, या माणसानं धारमध्ये माझं नाव 'शोकेस' पाडलं आणि शब्द परत न घेता गेला, हेही सांगा की कुणीतरी. पण गेलेल्या माणसाबद्दल असं बोललेलं लोकांना आवडत नाही. म्हणून लिहितो आहे. तुम्हाला यातलं बहुतेक ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. मध्ये तोंड घालायला आता तुम्ही नाही, एवढी सोय झाली आहे.

एक अडचण मात्र अजून आहेच. तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून मी तुम्हाला जन्मभर 'तुम्ही' म्हणालो आणि तुम्ही मला 'काय रं बाळू'. भांडायला 'तुम्ही' हा फार गैरसोयीचा शब्द आहे. ऐन रागात जीभ अडखळते. किती भांडणं मी या एका शब्दापायी हरलो असेन, देव जाणे.

लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा धारला जेवायला आलात, तिथून सुरुवात करतो. देवासला नवे कारखाने निघाले तेव्हा सांगलीकडून जी मंडळी आली, त्यांतले तुम्ही, टूलरूममधले. आमचं घर दरबाराबरोबर आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात मुरलेलं. पंगतीत तुम्ही सहज विचारलंत, "हितलं स्टेशन कुठं आलं?" सगळी पंगत हसली. धारला रेल्वेच नाही, हे ठाऊक नसलेला माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. तुम्ही ओशाळून वरणात भात कालवत राहिलात. मला तुमची दया आली, तीच माझी चूक. मी म्हणालो, "स्टेशन नाहीये दाजी, पर इंजन है. चला, दाखवतो."

मागच्या खोलीत माझी अर्धवट झालेली गाडी होती. मी पीडब्ल्यूडीच्या ऑफिसात नकाशे काढायचो आणि रविवारी महूला जाऊन मीटरगेजच्या इंजिनाशेजारी टेप आणि कागद घेऊन बसायचो. तिथलं एक पॅसेंजर ओढणारं इंजिन मी बारक्या मापात बांधत होतो, साडेतीन इंची रुळांवर चालेल असं. खेळणं नव्हे, कोळसा घालायचा, पाणी भरायचं, खरी वाफ. तोवर जो येई तो वरून बघे, शिट्टी वाजते का विचारी आणि चहा पिऊन जाई. तुम्ही ती उचललीत, उलटी केलीत आणि खालून पाहिलीत. बराच वेळ पाहिलीत. मग म्हणालात, "बॉयलरच्या सांध्यांचा डाग कथलाचा हाय. पाणी संपलं की सुटंल बघ." पुढच्या खेपेला तुम्ही ब्लोलॅम्प आणि चांदीच्या डागाचं सामान घेऊन आलात आणि दोन दिवस घाम गाळून माझा बॉयलर पुन्हा डागून दिलात. तो आजतागायत गळलेला नाही. हे मी लिहितो आहे कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही.

तुम्हालाही तो नाद लागला आणि पुढच्या वर्षी तुम्ही तुमची स्वतःची गाडी घेऊन हजर झालात. ती गाडी! तुमच्या हयातीत मी तिला म्हैस म्हणत होतो आणि आताही म्हणणार. जगातल्या कुठल्याच इंजिनाशी तिचं नातं नव्हतं. दोन्ही बाजूंना चौकोनी टाक्या, आखूड धुरांडं, काळा रंग आणि तोही ब्रशनं फासलेला. एकही रिव्हेट नाही. विचारलं तर म्हणालात, "रिव्हेट गाडी ओढत न्हाईत." माझ्या गाडीवर रिव्हेट होते, महूच्या इंजिनावर जिथे होते तिथेच होते. ड्रायव्हरच्या जागी तेलाची झारी ठेवली होती, तिची चोच वाकडी होती, कारण महूच्या ड्रायव्हरच्या झारीची चोच वाकडी होती. तुम्ही ती झारी चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवलीत आणि म्हणालात, "एवढ्या झारीत मुंगीच्या डोक्याला तरी तेल पुरंल का?" सगळे हसले. पण परत ठेवताना तुम्ही ती होती तिथेच, चोच बाहेरच्या अंगाला करून ठेवलीत. ते मी पाहिलं. बाकी कुणी नाही.

मग आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या, डोक्यात ते आलं. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात: पणजोबांची तलवार, आईची विळी, माझा कंपास. त्या वर्षी त्यांच्या शेजारी दोन इंजिनं बसली, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल धुरांड्यावर ठेवून. पूजा झाली, जेवणं झाली, आणि अप्पा म्हणाले, "आता होऊन जाऊ द्या." तेव्हापासून दरवर्षी ते व्हायचं. परसात आपण दोघांनी लोखंडी पट्ट्यांचे रूळ घातले होते, भिंतीपासून विहिरीपर्यंत सरळ. अप्पा वेताच्या खुर्चीत पंच. तीन गोष्टी तोलायच्या: बारकावा, ओढ आणि मोल. बारकावा म्हणजे गाडी खऱ्या इंजिनाशी किती जुळते. मोल म्हणजे गाडीपायी घराचं काय काय गेलं. हे आई आणि ताई ठरवायच्या, कारण जायचं ते त्यांचंच जायचं. आणि ओढीसाठी मागे एक बुटकी ढकलगाडी जोडलेली. वाटेत चार ठिकाणी मी पाट्या रंगवून स्टेशनं केली होती, पहिल्या पाटीवर अर्थातच 'धार'. प्रत्येक स्टेशनावर एक माणूस चढायचा. शेवटपर्यंत जी जास्त माणसं नेईल ती जिंकली.

बारकाव्यात मी जिंकायचो. तिथे अप्पांनाही काही करता येत नव्हतं. मोलात मी हरायचो, कारण माझा बॉयलर म्हणजे आईचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता आणि ती ते विसरायला तयार नव्हती. तुमची म्हैस कारखान्याच्या भंगारातून उभी राहिलेली. ताई म्हणायची, "माझ्या संध्याकाळी गेल्या, त्या कोण धरणार?" पण संध्याकाळ दाखवता येत नाही आणि न्हाणीतली बंबाची रिकामी जागा आई बोट करून दाखवायची. म्हणजे एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. सगळं ओढीवर यायचं.

आणि ओढीच्या वेळी अप्पा खुर्चीतून अर्धवट उठून म्हणायचे, "जावईबापू, आपण आधी."

जावई घरात आला की पहिलं पान त्याचं, पहिला पाट त्याचा, पहिला विडा त्याचा. मग पहिली गाडीही त्याचीच. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलासुद्धा नाही. तुम्ही दरवेळी आढेवेढे घ्यायचात, "ऱ्हाऊ द्या अप्पा, बाळूला जाऊ द्या की आधी," अप्पा कानांवर हात ठेवायचे, आणि तुम्ही म्हैस रुळावर ठेवायचात. गल्लीतले लोक, माझ्या ऑफिसातले लोक भिंतीला टेकून उभे. म्हैस थुंकत, खोकत, शिंतोडे उडवत निघायची आणि चारही स्टेशनांवरची माणसं घेऊन विहिरीला जाऊन थांबायची. मग माझी पाळी. पहिल्या दोन स्टेशनांपर्यंत माझी गाडी ऐटीत. तिसरा माणूस बसला की चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. वाफ भरपूर, आवाज मोठा, आणि गाडी ढिम्म.

पहिल्याच वर्षी, पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल, तुम्ही कमरेवर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणालात, "बाळू, लई देखणी हाय गाडी. शोकेसमधी ठेव. हळदीकुंकवाला बाया बघतील." लोक इतके हसले की ढकलगाडीवर बसलेले आमचे हेडक्लार्क उलटून पडले. दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं आणि चहावाल्यानं हाक मारली, "ओ शोकेस भिया, चाय?" ते चिकटलं ते चिकटलंच. नालछ्याच्या सडकेचं माप घ्यायला गेलो तर तिथला मुकादम म्हणतो, "अच्छा, शोकेसवाले आप ही हो?" कुक्षीला मुलगी पाहायला गेलो, तर तिच्या मामांनी विचारलं की तुमचं फर्निचरचं दुकान आहे का. हसू नका. ते लग्न जमलं म्हणून ठीक, नाहीतर मी तुम्हाला कोर्टात खेचलं असतं.

त्यानंतर दरवर्षी मी तेच भोगलं. आणि माझा मूर्खपणा असा की सल्ला विचारायला मी तुमच्याकडेच यायचो. तुम्ही सल्लाही बरोबर द्यायचात. "पुढची बारकी चाकं नुस्ती मिरवत्यात. वजन मधल्या चाकांवर घे." मी शिसं ओतून वजन मधल्या चाकांवर घेतलं. एरवी, घरात कुणी नसताना, आई, बायको, शेजारचे दोघे बसवून पाहिले तर गाडी चौघांना घेऊन विहिरीपर्यंत सुरळीत जायची. खंडेनवमीला लोक जमले की पुन्हा तेच गरगर. बायको म्हणाली, तुम्ही घाबरता. आईनं दृष्ट लागते म्हणून धुरांड्याला काळा दोरा बांधला, तो पहिल्याच स्टेशनावर जळून गेला. माझी गाडी लोकांना लाजते, असं मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी आठवा. हरलो, लोक पांगले, तुम्ही ओसरीवर आडवे झालात, आणि दोन्ही गाड्या पुसायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. जुन्या धोतराचा तुकडा घेऊन मी माझ्या गाडीची चाकं पुसायला घेतली तर चाकांवर काळी, चिकट साय. म्हशीची चाकं पाहिली तर जवळजवळ कोरडी. मी उठून परसात गेलो आणि रुळावरून बोट फिरवलं. तेल. म्हशीच्या सिलिंडरमध्ये तुम्ही हात सैल सोडून तेल घालायचात, आणि ती ते वाटभर रुळांवर थुंकत जायची. तुमची गाडी कोऱ्या रुळावरून, माझी तुमच्या तेलावरून. दरवर्षी. फक्त तुम्ही जावई होतात म्हणून.

लगेचच्या रविवारी मी देवासला आलो. इंदूरला बस बदलताना मनात वाक्यं जुळवत होतो. मला वाटत होतं तुम्ही चकित व्हाल, कपाळाला हात लावाल, मला मिठी माराल. क्वार्टरच्या मागे तुम्ही बनियनवर बसला होतात आणि बशीत चहा ओतून फुंकर घालत होतात. ताई बाजूला गहू निवडत होती.

मी म्हणालो, "दाजी, पता चला! रुळावर तेल पडतं, तुमच्या गाडीचं. माझी त्याच्यावरून जाते, म्हणून घसरते. इतके साल!"

तुम्ही बशी तोंडाला लावलीत. "व्हय. ठाऊक हाय मला."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"पैल्या सालापासनं. तुझी चाकं फिरायला लागली तवाच कळलं."

ताईचा हात सुपात थांबला. "अहो, मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मान मी मागितला न्हवता. तुझ्या अप्पांनी दिला. सासुरवाडीचा मान नको म्हणू?"

"रूळ पुसायला तो बोल सकते थे ना दाजी! ये तो सरासर बेईमानी हुई," मी ओरडलो. शेजारचे चौधरीजी कुंपणावरून डोकावले.

तेव्हा तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाळू, तुझी गाडी कुचकामी असती ना, तर मीच रूळ पुसून दिला असता."

या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली आहेत. कधी वाटतं, हीच तुमची कबुली होती, माझी गाडी चांगली आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तुम्ही तिला भीत होतात. कधी वाटतं, नुसतं जखमेवर मीठ चोळलंत. मी चहा न पिता उठलो. ताई नाक्यापर्यंत मागे आली आणि म्हणाली, "त्यांना हरता येत नाही रे. मी ल्यूडोसुद्धा हरते त्यांच्याशी." मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं.

घरी येऊन अप्पांना सांगितलं, या वेळी माझी गाडी आधी. अप्पा म्हणाले, "जावई मागून? आपल्या घरी? असले प्रकार आपल्या कुळात झालेले नाहीत." बरं, मग निदान दाजींची गाडी गेल्यावर रूळ पुसू द्या. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तलवारच विकायला काढली होती. "पाहुण्याची पाठ वळली की त्याच्या मागे केर काढतात का रे? अशुभ असतं ते. आणि हा तर जावई." झालं. माझी सगळी विद्या केरसुणीपाशी येऊन थांबली.

शेवटी तुम्हीच ताईजवळ निरोप पाठवलात. मुकाबला देवासला, तुमच्या क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत. तिथे पाहुणा मी, म्हणून आधी माझी गाडी. हरलो तर शब्द सगळ्यांदेखत परत घेईन. हे तुमचे शब्द, ताई साक्षीला आहे. गेल्या वर्षी तुम्ही ओव्हरटाइमचं निमित्त काढलंत. मी समजून घेतलं, कारण या वर्षीचं पक्कं होतं. रूळ तुम्ही स्वतः टाकलेत, ते इतके सरळ की धारचे लाजावेत. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी गाडीची चाकं पुसत होतो. खरं सांगतो, पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं, सटकला.

दाजी, मी चौदाव्यानंतर धारला परत गेलो नाही. काल खंडेनवमी होती. माझी गाडी मी तेराव्याला येतानाच ट्रंकेत घालून आणली होती. हो, आणली होती. बसच्या टपावर नाही, मांडीवर घेऊन. ताईला सांगायचं धाडस नव्हतं, पण काल सकाळी तीच म्हणाली, "ट्रंकेत काय आहे मला माहीत आहे. सण नाही करायचा यंदा. पण गाडी चालवणं म्हणजे काही सण नाही." तिनंच चौधरीजींना पंच म्हणून बोलावलं आणि तुमच्या टूलरूममधल्या चौघांना स्टेशनांवर उभं केलं. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, तरी तिनं दोन्ही इंजिनांपुरतं वेगळं काढून ठेवलं होतं.

आधी माझी गाडी. कोरे रूळ. तुम्हाला सांगतो, ती एकदाही घसरली नाही. पहिलं स्टेशन, दुसरं, तिसरं, चौथं. तुमच्या टूलरूमचे सगळे पोटभर जेवणारे गडी, आणि ती त्यांना घेऊन अशी गेली की शेवटच्या पाटीपाशी मलाच धावावं लागलं. चौधरीजी कपाळाला हात लावून म्हणाले, "भिया, मान गए. ये शोकेस-वोकेस नी है. भाऊसाब रहते तो आज उनकी भी बोलती बंद हो जाती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांनी माझं नाव धुऊन निघालं होतं. मी वळून पाहिलं. मला त्या क्षणी तुमचं तोंड बघायचं होतं. दुसरं काही नको होतं मला, दाजी, फक्त तुमचं पडलेलं तोंड. तुमच्या जागी सायकल उभी होती.

गडी म्हणाले, आता बस करू, भाऊसाहेबांची गाडी कशाला काढायची. मी म्हणालो, कशाला म्हणजे? अजून माझा सूड पुरा झालेला नाही. म्हशीत कोळसा मी घातला, पाणी मी भरलं, वाफ मी चढवली. तिचे सगळे स्वभाव मला ठाऊक आहेत, गेल्या दहा वर्षांत मी दुसरं काय पाहिलं? माझ्या गाडीत मी मुद्दाम सढळ हातानं तेल घातलं होतं, ते ती वाटभर थुंकत गेली होती, आणि त्याच रुळावर मी म्हशीला ठेवली. ताई म्हणाली, मी बसते. ती तिसऱ्या स्टेशनावर चढली आणि म्हशीची चाकं फिरायला लागली. जागच्या जागी, गरगर. वाफ भरपूर, आवाज मोठा, आणि म्हैस ढिम्म.

मी हसलो. मोठ्यानं हसलो, लाज नाही वाटली. ताई ढकलगाडीवरून उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "झालं समाधान?"

"झालं," मी म्हणालो.

पण चाकं अजून फिरत होती आणि मला वाफेची कळ बंद करवेना. तो आवाज मला आतून बाहेरून पाठ आहे. फरक एवढाच की आजवर मी तो हरणाऱ्याच्या जागेवरून ऐकला होता आणि काल पहिल्यांदाच तुमच्या जागेवरून. तुम्ही सगळं ठाऊक असून हे बघत उभे राहायचात. एकदा नाही, दरवर्षी, आणि वर जेवण जेवायचात. कसं जमलं तुम्हाला? मला चहाचा एक कप संपेल इतका वेळही जमलं नाही. मला तुमचा इतका राग आला दाजी, की डोळ्यांना दिसेना. आणि त्याच रागात मी ताईला म्हणालो, "रॉकेल आण. आणि फडकं."

"अप्पांना कळलं तर?"

"कळू दे."

चौधरीजींना आणि त्या चौघांना काही समजेना. मी पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि पहिल्या स्टेशनापासून शेवटच्या पाटीपर्यंत, ओणवा होऊन, दोन्ही रूळ पुसत गेलो. तुमच्या मागे. जे तुम्ही माझ्यासाठी एकदाही केलं नाहीत, ते मी तुमच्यासाठी पाच माणसांदेखत केलं. याहून जालीम सूड मला सुचला नाही. पुसताना मी रडत होतो असं ताई म्हणते. रॉकेलनं डोळे झोंबत होते, हेही खरं आहे.

मग म्हैस पुन्हा पहिल्या पाटीपाशी ठेवली. तिची चाकं पुसली. वाफ पुरी चढू दिली. गडी आपापल्या स्टेशनावर उभे राहिले, चौधरीजी शेवटच्या पाटीपाशी गेले, आणि मी कळ उघडली.

पुढे काय झालं ते ताईला माहीत आहे. चौधरीजींना माहीत आहे, तुमच्या टूलरूमला माहीत आहे, संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला झालं होतं. आपल्या दोघांत कोणाची गाडी जास्त ओढते, हे काल एकदाचं ठरलं, पुसलेल्या रुळावर, कुणाचा मान न ठेवता. फक्त तुम्हाला ठाऊक नाही. आणि मी सांगणार नाही. तुम्ही माहीत असलेली गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवलीत, आता ही मी ठेवतो. तळमळा तिकडे. माझ्यासारखे तळमळा.

फार तर काय कराल? विचाराल.

विचारा ना, दाजी. एकदा विचारून तर बघा.